दोन लिप्यांचं टेबल आणि नवा संगणक: विंडोज १० सोडून लिनक्स मिंटवर जाताना

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या मामांच्या टायपिंग-छपाईच्या दुकानात तीन संगणक आहेत आणि तीन लिप्या. लग्नपत्रिका आणि गणपती मंडळाच्या पावत्या मराठीत, तालुका कचेरीचे अर्ज कन्नडमध्ये, भाडेकरार इंग्रजीत, आणि त्या करारात पक्षकारांची नावं कधी या लिपीत तर कधी त्या. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मामांचा फोन आला. "अरे, पडद्यावर रोज काय की लिहून येतंय बघ. सपोर्ट बंद म्हणतंय. म्हणजे मशीनच बंद पडतंय काय?"

मशीन बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणजे सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळत राहतात, पण ती नुसती मुदतवाढ आहे. ज्या दुकानात लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती, उतारे आणि सह्यांचे कागद दिवसभर ये-जा करतात, तिथं मुदतवाढीवर किती दिवस काढायचे?

मी बेंगळुरूच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम टिळकवाडीतल्या घरून करतो. नवनव्या मशीनवर जाणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग. २०२० च्या शेवटी ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक बाजारात आणले आणि पुढे त्यातलाच एक ऑफिसनं माझ्या हातात दिला. जुने प्रोग्राम रोझेटा नावाच्या दुभाष्यातून चालले, काम दोन दिवसांत सुरू झालं. बोटांना मात्र कंट्रोलऐवजी कमांडची कळ आपोआप सापडायला तीन आठवडे लागले. हे लक्षात ठेवून मामांच्या दुकानाचा क्रम मी उलटा लावला: आधी बोटं बदलायची, मग फाइली, आणि प्लॅटफॉर्म, म्हणजे विंडोज की लिनक्स ते, सगळ्यात शेवटी. खाली लिहिलंय ते त्याच क्रमानं आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडं असं दुकान, पतसंस्था किंवा वकिलांचं ऑफिस चालवणाऱ्यांना ते जवळपास जसंच्या तसं वापरता येईल.

पहिला दिवस: फक्त बसून बघणे

पेनड्राइव्ह खिशातच राहू दे. एक वही घ्या आणि दिवसभर दुकानात बसा. कोण कुठल्या मशीनवर काय उघडतं ते लिहा. मालकाला विचारून यादी करू नका, मालकाला माहीत नसतं. मामांनी सांगितलं, "वर्ड, कोरल आणि टॅली." म्हणजे टायपिंग, पत्रिकांची मांडणी आणि हिशेब. माझ्या वहीत संध्याकाळपर्यंत सतरा गोष्टी झाल्या. त्यात बोटांचे ठसे घेणारं उपकरण होतं, डिजिटल सहीचा टोकन होता, आणि ऑपरेटर अक्का ज्यातून कन्नड टाइप करत होती ते नुडी होतं.

यादी झाली की मशीनची जात बघा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून त्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं की चिप आहे की नाही आणि कुठल्या आवृत्तीची, ते कळतं. आमच्याकडं एक दहाव्या पिढीचं मशीन निघालं, एक सहाव्या आणि एक चौथ्या. निर्णय त्यातूनच झाला. टॅली, सहीचा टोकन, ठशाचं उपकरण आणि कोरलच्या जुन्या पत्रिका हे सगळं दहाव्या पिढीच्या मशीनवर, आणि त्याला विंडोज ११. उरलेली दोन टायपिंगची मशीनं लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या मोफत सिस्टमवर.

टॅली लिनक्सवर ओढूनताणून चालवणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्या प्रोग्रामवर मार्चअखेरीस तुमचा सीए अवलंबून असतो, त्याच्यावर प्रयोग करू नका. ठशाच्या उपकरणाचंही तसंच, आमच्या उपकरणाचा ड्रायव्हर विंडोजपुरताच होता. एका दुकानात दोन प्लॅटफॉर्म सुखानं नांदतात. आमच्याकडं तर दोन राज्यांच्या बसगाड्याही एका रस्त्यावरून जातात.

आणि मिंटच का? लिनक्सचे शेकड्यांनी प्रकार आहेत, पण मिंटची खालची पट्टी, मेनू आणि घड्याळ विंडोज वापरलेल्या माणसाला ओळखीच्या जागी सापडतं. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन ही आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. ४ जीबीवर सिनॅमन चालतं, पण फायरफॉक्सच्या दहा टॅब उघडल्या की धाप लागते.

पहिला महिना: जुन्याच विंडोजवर बोटं बदलणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. मशीन तेच, पडदा तोच, फक्त तीन गोष्टी नव्या: वर्डच्या जागी मोफत लिबरऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि युनिकोड कीबोर्ड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच अक्षर दिसेल असं टायपिंग. तिन्ही विंडोजवरही चालतात आणि मिंटवरही. माणूस एका वेळी एकच नवी गोष्ट शिकतो. सगळं एकदम बदललंत तर प्रत्येक अडचणीचं खापर लिनक्सवर फुटणार.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज असं जाऊन मराठी आणि कन्नड जोडा. मराठीत दोन कीबोर्ड मिळतात, एक इनस्क्रिप्ट (प्रत्येक अक्षराची कळ ठरलेली) आणि दुसरा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची). कन्नडमध्येही तसेच दोन. विंडोजची कळ दाबून स्पेसबार मारला की भाषा बदलते.

आता इनस्क्रिप्ट की फोनेटिक हा प्रश्न. एकट्या मराठीत काम करणाऱ्याला मी फोनेटिक घ्या म्हणालो असतो. पण आपल्या भागात दोन लिप्या रोजच्या आहेत आणि तिथं इनस्क्रिप्टला तोड नाही, कारण त्यात भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी बसवलेली आहेत. के या कळीवर मराठीत क येतो आणि कन्नडमध्येही क. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. एक लिपी हाताला बसली की दुसरी जवळपास फुकट मिळते.

अक्काला पटवायला मी एकच शब्द टाइप करून दाखवला. मराठीत बेळगाव: वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी. मग भाषा बदलून कन्नडमध्ये बेळगावी: वाय, झेड, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी, एफ. कन्नडला ह्रस्व ए वेगळा आहे म्हणून एसच्या जागी त्याच्या खालची झेड, आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटीचा एफ. बाकी सगळं तेच. अक्का बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच की ओ!" गावाच्या नावावरून काय काय झालंय हे आठवून मामा गालातल्या गालात हसले. कीबोर्डच्या हिशेबानं तो वाद दोन कळांचा आहे.

कन्नडचे ह्रस्व-दीर्घ ए आणि ओ, एवढ्याच जागी मराठी बोटं अडखळतात. तेवढे आठ दिवस घोटा. मराठीकडून शिफ्ट-जे लक्षात ठेवा, तिथं ऱ आहे. कऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा या शब्दांसाठी तो लागतो. साधा र घेतलात तर दर्या होतो आणि डोंगरातून थेट समुद्रात जाता.

ज्यांना इनस्क्रिप्ट नकोच त्यांच्यासाठी मिंटमध्ये एक गंमत आहे. तिथल्या यादीत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड कगप या नावानं सापडतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी बनवणारी तीच. मराठी टाइप करायला कन्नड परिषदेच्या नावाचा कीबोर्ड वापरणं बेळगावच्या माणसाला जड जाऊ नये.

जुन्या फाइली: इथं घाई केली आणि फसलो

मामांकडं २००४ पासूनच्या पत्रिका आहेत, बहुतेक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. या फॉन्टची युक्ती अशी की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. फॉन्ट काढला की उरतो तो इंग्रजी कचरा. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, मग तो कुठल्याही मशीनवर आणि मोबाइलवर क दिसतो.

रूपांतर करणारी साधनं भरपूर आहेत. कन्नडसाठी नुडी आणि बरह या टायपिंगच्या प्रोग्राममध्येच सोय आहे. मराठीच्या जुन्या फॉन्टसाठी त्या त्या फॉन्टचं रूपांतर-कोष्टक असलेलं साधन लागतं, आणि ते शक्यतो मशीनवर उतरवून वापरा. अनोळखी संकेतस्थळाच्या चौकटीत गिऱ्हाइकाचा करार चिकटवू नका.

आता फसल्याची गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटी एक पत्रिका आली, आधीच्याच एका पत्रिकेचा साचा घ्यायचा होता. अक्कानं रूपांतर केलेली फाइल उघडली, नावं बदलली, मी वरवर नजर टाकली आणि छापायला सांगितलं. चाळीस पत्रिका झाल्यावर मामांनी एक उचलली, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं: "मागर्शीषर् शुद्ध." दुकानात दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

झालं होतं असं. जुन्या फॉन्टमध्ये रफार हा अक्षराच्या नंतर टाइप केलेला एक तुकडा असतो, कारण तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर. युनिकोडमध्ये मात्र र आणि हलन्त आधी येतात, मग ते अक्षर. साधन नीट असेल तर ते रफार उचलून एक घर मागं नेतं. आमच्या साधनानं नेला नाही, म्हणून मार्गशीर्षचा मागर्शीषर् झाला. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलटं: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर.

तेव्हापासून रूपांतर केलेल्या प्रत्येक फाइलीवर आम्ही एक ठरलेली चाचणी घेतो. एका कागदावर ओळ लिहून ठेवली आहे: मार्गशीर्ष, आशीर्वाद, कऱ्हाड, ज्ञानेश्वर, श्रीक्षेत्र, दृष्टी, ट्रस्ट, ॲडव्होकेट, ऑफिस, बाळकृष्ण. ही ओळ आधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची आणि साधनातून काढायची. जे शब्द मोडतील ते लिहून घ्यायचे आणि प्रत्येक फाइलीत शोधा-आणि-बदला करून दुरुस्त करायचे. एकदा केलं की त्या साधनाच्या खोडी कळतात, आणि त्या प्रत्येक वेळी त्याच असतात.

वकिलांच्या कागदांसाठी एक वेगळी सूचना. ॲड. या संक्षेपाचा पहिला ॲ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: एक सबंध अक्षर म्हणून आणि एक अ वर चंद्र ठेवून. सबंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे आधीच्या मजकुरात अ अधिक चंद्र भरपूर आहे. दिसायला दोन्ही बहुतेक सारखे, पण शोधताना एक दिला की दुसरा सापडत नाही. दुकानात एकच पद्धत ठरवा. आम्ही सबंध अक्षर ठरवलं आणि जुन्या फाइलींत एकदा बदल मारून टाकला.

सगळ्याच जुन्या फाइली बदलायच्या नाहीत. गेल्या तीन वर्षांत उघडलेल्या तेवढ्याच आम्ही घेतल्या. बाकीच्या आहेत तशा, सोबत त्यांची छापील पीडीएफ. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला कोणी जुनी पत्रिका मागायला येत नाही. एक आले होते, पण ते अपवाद.

लिबरऑफिसमधला एक खड्डा

टूल्समधून ऑप्शन्स, तिथं भाषांच्या भागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करा आणि त्याची मूळ भाषा मराठी ठेवा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं. लिबरऑफिस फॉन्टसाठी तीन कप्पे ठेवतं: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि कॉम्प्लेक्स. मराठी आणि कन्नड दोघीही तिसऱ्याच कप्प्यात. म्हणजे एका स्टाइलला दोघींत मिळून एकच फॉन्ट. तुम्ही देवनागरीचा फॉन्ट दिलात की कन्नडला ते स्वतःच्या मर्जीनं कुठला तरी देतं, आणि दुसऱ्या मशीनवर ती मर्जी बदलते.

उपाय सोपा आहे. दोन कॅरेक्टर स्टाइल बनवा, एकीचं नाव मराठी, दुसरीचं कन्नड. पहिलीत नोटो सेरिफ देवनागरी आणि भाषा मराठी, दुसरीत नोटो सेरिफ कन्नड आणि भाषा कन्नड. दोन्हींना कळजोड्या द्या आणि हे सगळं एका टेम्पलेटमध्ये साठवून तेच मूळ टेम्पलेट करा. मजकुराची भाषा मराठी असल्याचं सांगण्याचा आणखी एक फायदा: काही फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ लोहितमध्ये, ल आणि श ही अक्षरं मग मराठी वळणाची दिसतात, हिंदी वळणाची नव्हे. मामांना हे सांगावं लागलं नाही. पहिल्याच छपाईत त्यांना दिसलं.

फॉन्टचा आकारही कप्प्याप्रमाणे वेगळा असतो. इंग्रजी १२ आणि मराठी १४ राहिलं की ओळी वरखाली होतात; स्टाइलमध्येच दोन्ही ठरवून टाका.

तिन्ही मशीनवर तेच मोफत फॉन्ट घाला, विंडोजवरसुद्धा. विंडोजवरच्या मंगलमध्ये बनवलेला करार मिंटवर उघडला तर मंगल तिथं नसतो, दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, आणि मुद्रांक कागदाच्या वरच्या भागात सोडलेली मोकळी जागा बिघडते. बाँडपेपरवर चुकीचं छापलं तर तो कागद गेला आणि पैसेही गेले.

प्लॅटफॉर्म बदलायचा दिवस

आम्ही सप्टेंबर पूर्ण जाऊ दिला. खंडेनवमीला तिन्ही मशीनला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी काम काढलं. सुट्टीचाच दिवस घ्या. लग्नसराईच्या तोंडावर किंवा गणपतीच्या पावत्यांच्या दिवसांत घेतलात तर घरातलं कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

१. बॅकअप. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातल्या महत्त्वाच्या आणखी एका जागी. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नव्हे. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-पाच फाइली उघडून बघा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क विसरू नका, फायरफॉक्सला खातं जोडलं की ते पुढे येतात.

२. नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या. जुन्या मशीनवर करता येणारी सगळ्यात उपयोगी सुधारणा ही आहे, प्लॅटफॉर्म कुठलाही असो. आणि तिचा दुसरा फायदा मोठा: जुनी हार्ड डिस्क आहे तशी बाहेर काढा, त्यावर तारीख लिहा, कपाटात ठेवा. काही बिनसलं तर दहा मिनिटांत जुनी डिस्क परत लावून दुकान चालू. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याच्या भानगडीत पडायचंच असेल तर आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, आणि घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झालेलं दिसलं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. फरक आपल्या साडेपाच तासांचा.

३. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टम जिच्यात असते ती) तिच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा, आणि फाइल नीट उतरली का हे तपासायला तिथं दिलेल्या शा-२५६ आकड्याशी आपल्या फाइलीचा आकडा जुळतो का बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलीनं मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

४. पेनड्राइव्ह. व्हेंटॉय वापरा. एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची. एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार सिस्टम मावतात. पेनड्राइव्ह मात्र आधी पूर्ण पुसला जातो.

५. मशीन चालू होताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट, ज्या मशीनची जी कळ असेल ती, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. लगेच इन्स्टॉल दाबू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं. वायफाय, आवाज, स्कॅनर, प्रिंटर, तिन्ही लिप्यांचं टायपिंग, सगळं तासभर वापरून बघा. इथं जे चालत नाही ते पुढेही सहज चालेल याची खात्री नाही.

६. मग इन्स्टॉल. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठीची) टिक लावा, वेळ कोलकाता, इंटरफेस इंग्रजीच ठेवा. मराठीतले मेनू मी लावून बघितले होते, पण फोनवरून "फाइलमध्ये जा, एक्स्पोर्ट दाब" असं सांगायचं तर दोघांसमोर तेच शब्द हवेत.

७. पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर मॅनेजर आणि टाइमशिफ्ट, याच क्रमानं. टाइमशिफ्ट सिस्टमचे फोटो काढून ठेवतं, अपडेटनं काही मोडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. तुमच्या घरच्या फोल्डरातल्या फाइली मात्र ते मुळात धरत नाही. हा बॅकअप समजून निश्चिंत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

८. कीबोर्ड सेटिंगच्या लेआउटमध्ये इंग्रजी, मराठी, कन्नड. इंग्रजी पहिल्या जागी. चारपेक्षा जास्त लेआउट एका वेळी ठेवता येत नाहीत, तीन पुरे. भाषा बदलायची कळजोडी विंडोजवर सवय झालेलीच द्या.

पासवर्ड टाकताना कीबोर्ड इंग्रजीवरच हवा, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. अक्का जेवून आली, पडदा लॉक झालेला, पासवर्ड चुकीचा, पुन्हा चुकीचा. ती रडकुंडीला. मी फोनवर विचारलं, कोपऱ्यात काय लिहिलंय? कन्नड. ती लॉक होण्याआधी कन्नड अर्ज टाइप करत होती आणि पासवर्ड कन्नड अक्षरांत जात होता, ठिपक्यांआड कोणाला दिसणार?

प्रिंटरनं एक दिवस खाल्ला. नवे नेटवर्कवाले प्रिंटर मिंटला आपोआप सापडतात. मामांचा जुना लेझर मात्र अशा जातीचा की कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय एक अक्षर उमटवत नाही, आणि तो ड्रायव्हर नव्या सिस्टमवर काही केल्या बसेना. शेवटी मी हट्ट सोडला. विंडोजच्या मशीनवर छपाई नावाचं एक सामायिक फोल्डर केलं. मिंटवरून पीडीएफ त्यात टाकायची, तिथून छापायची. गावठी तोडगा आहे, पण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेले असतात, त्यामुळे अक्षर हलत नाही आणि छापण्याआधी आणखी एक नजर फिरते.

छोटी साधनं: एका आठवड्याला एक

मला नवीन युटिलिटी दिसली की बसवून बघायची खोड आहे. दुकानात ती खोड आवरली. मामांच्या मशीनवर आज फक्त पाच आहेत.

कॉपीक्यू हे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी ठेवतं. करारात तेच नाव, तोच पत्ता, तोच सर्व्हे नंबर दहा वेळा चिकटवणाऱ्याला याची किंमत कळते. विंडोजवर हेच काम विंडोज आणि व्ही या कळांनी होतं, तिथं शेवटच्या २५ गोष्टी राहतात. पण ही यादी आधार क्रमांक आणि पासवर्डही इमानेइतबारे सांभाळते. म्हणून दुकान बंद करताना यादी पुसायची, हे शटर ओढण्याइतकंच सवयीचं करा.

फ्लेमशॉट पडद्याचा फोटो काढून तिथंच बाण मारायला. अक्का मला अडचण आता शब्दांत सांगत नाही, फोटो पाठवते. माझे निम्मे फोन वाचले.

केडीई कनेक्ट मोबाइल आणि संगणक एकाच वायफायवर जोडतं. गिऱ्हाईक फोनवर फोटो पाठवतं, तो केबल न शोधता मशीनवर येतो. वॉर्पिनेटर मिंटसोबतच येतं, दोन मिंट मशीनमध्ये फाइल ढकलायला.

पाचवं सगळ्यात कामाचं: जी-इमेज-रीडर. टेसरॅक्ट नावाचं अक्षरं ओळखणारं इंजिन याच्या पोटात असतं आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टेसरॅक्टचे मराठी आणि कन्नड भाषेचे संच वेगळे बसवावे लागतात. कन्नडमधला आर. टी. सी. उतारा (कर्नाटकातला सातबारा म्हणा) ३०० डीपीआयवर स्कॅन करायचा, भाषा कन्नड निवडायची, आणि मजकूर हातात. ज्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचता येत नाही, त्याला आम्ही तो मजकूर भाषांतरात टाकून मराठीत मतलब सांगतो. मतलबच सांगतो, अधिकृत भाषांतर म्हणून देत नाही, आणि नावगाव काढून टाकूनच मजकूर बाहेर पाठवतो. शिक्का अक्षरांवर पडलेला असेल तर तेवढा भाग सोडून द्या. आकडे तर डोळ्यांनीच तपासा: कन्नडमधलं शून्य आणि अनुस्वार दिसायला सारखेच, आणि सर्व्हे नंबरात एक शून्य इकडंतिकडं झालं तर शेजाऱ्याचं शेत आपलं होतं.

एस्पान्सो हे आखूड खूण टाइप केली की लांब वाक्य उमटवणारं साधन मला स्वतःला फार आवडतं. दुकानात मात्र लिपी बदलताना त्याचा गोंधळ झाला, म्हणून काढलं. लिबरऑफिसचा ऑटोटेक्स्ट तेच काम करतो. खूण टाइप करून एफ३ दाबली की "येणेप्रमाणे लिहून दिले असे" हे अख्खं वाक्य हजर.

इंकस्केप कोरलच्या जागी ठेवून बघितलं. जुन्या कोरल फाइली उघडतात, पण अर्धवट. चार रंगांच्या छपाईसाठी लागणारे रंग त्यातून सरळ निघत नाहीत. मामांनी आठवडाभर प्रयत्न केला आणि परत विंडोजच्या मशीनवर जाऊन बसले. मी काही बोललो नाही. वीस वर्षांचा हात आहे तो.

टेबलावरच्या काचेखाली आता दोन कागद आहेत, एक इनस्क्रिप्टचा तक्ता आणि दुसरा ती मार्गशीर्ष-आशीर्वादची ओळ. चुकलेल्या चाळीस पत्रिका मामांनी टाकल्या नाहीत. पाठकोऱ्या म्हणून कापून ठेवल्यात, आणि फोनवर कोणी ऑर्डर सांगितली की त्यावरच लिहून घेतात.